‘समाजस्वास्थ्य’चे खंड रद्दीत घालू नका : आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत घरची वर्तमानपत्रं घेऊन मी बाजारामागच्या रद्दीच्या दुकानात गेले होते. दुकानदार गठ्ठा वजनाला लावत होता तेवढ्यात पलीकडच्या ढिगात काळ्या कापडाची बांधणी दिसली. पाठीवरची सोनेरी अक्षरं उडाली होती, पण ती बांधणी मी कुठेही ओळखली असती. आतल्या पहिल्या पानावर आपल्या वाचनालयाचा जांभळा लंबगोल शिक्का आणि खाली शाईने लिहिलेला दाखल क्रमांक. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर उघडपणे लिहिणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे ते दोन खंड होते, एक १९३३-३४चा आणि दुसरा १९३८-३९चा. वजन भरलं १ किलो ६०० ग्रॅम. पंधरा रुपये किलोच्या भावाने मी २४ रुपये दिले आणि ते घरी आणले.

त्याच संध्याकाळी मी वाचनालयात आले. ग्रंथपालांनी मला ठरावाचं पुस्तक दाखवलं. त्यांचा यात काही दोष नाही, उलट हे सगळं सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं. ठराव एका ओळीचा आहे : ‘जीर्ण, कालबाह्य व आक्षेपार्ह नियतकालिकांचे निर्लेखन करण्यात यावे.’ निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून कमी करून काढून टाकणं. उरलेले अकरा खंड जिन्याखाली दोन गोण्यांत भरून ठेवले आहेत. शेजारीच पाण्याचा नळ गळतो.

मी या वाचनालयाची आजीव सभासद आहे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून आता निवृत्त झाले. आजवर कार्यकारिणीच्या निर्णयावर मी एक शब्द बोललेली नाही, कारण हे काम तुम्ही बिनपगारी करता आणि ते सोपं नाही हे मला कळतं. पण हा ठराव मला गप्प राहून मान्य करता येत नाही. सभासदांना विचारलं गेलं नाही, सूचनाफलकावर काही लागलं नाही, म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे.

आधी हे सांगते की माझा यात जीव का अडकला आहे.

साल १९७९. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. ताई त्याच सुमारास माहेरी आली. तीन वर्षांत दोन बाळंतपणं आणि एक गर्भपात. डोळे खोल गेलेले, केस गळालेले, बाळाला पाजताना तिला बसवत नव्हतं. आई म्हणायची, देव देतो ते घ्यायचं. आईची स्वतःची आठ बाळंतपणं झाली होती, त्यातले आम्ही पाच जगलो. डॉक्टरांना विचारायची ताईला लाज वाटे, आणि मला तर नेमकं काय विचारायचं तेच कळत नव्हतं.

त्या वेळच्या आपल्या ग्रंथपालांना सगळं गाव नाना म्हणायचं. मी देव-घेवीच्या टेबलापाशी उभी राहून चाचरत म्हटलं, ‘नाना, बायकांच्या तब्येतीवरचं काही आहे का?’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. एक अक्षरही न विचारता ते आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड खंड घेऊन आले. नकाशांच्या कपाटामागे एक लहान टेबल होतं. ‘दुपारी दोन ते चार इकडे कुणी फिरकत नाही. इथे बस,’ एवढंच म्हणाले.

कागद उघडला तर मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. मी दचकले, हे खोटं कशाला सांगू? पण पान उलटलं आणि पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी तिथे बसले. बांधणी इतकी घट्ट होती की आतल्या समासाकडची अक्षरं बोटाने पान दाबून धरल्याशिवाय दिसत नसत. कडांचे तपकिरी पापुद्रे निघून मांडीवर पडायचे, डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. वाचकांची पत्रं आणि संपादकांची उत्तरं मी अधाशासारखी वाचली. वीर्यनाशाने स्मरणशक्ती जाते का, हस्तमैथुनाने माणूस खंगतो का, मूल नको असेल तर काय करायचं, असे प्रश्न. उत्तरं दोन-चार ओळींची आणि रोखठोक. कुठे उपदेश नाही, विचारणाऱ्याला लाजवणं नाही. ज्याला विज्ञानाचा आधार नाही त्याला तो नाही म्हणायचं, आणि जे करता येतं ते करायला सांगायचं. फळ्यावर सिद्धता मांडावी तसं ते लेखन होतं. हे गणिताच्या माणसाने लिहिलेलं आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी ताईला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिने तांबी बसवून घेतली. घरात चार दिवस बोलाचाली झाली, मग सगळे गप्प झाले. ताई आज पंचाहत्तरीला आली आहे.

आता तुमच्या ठरावातले तीन शब्द मी एकेक करून घेते.

‘जीर्ण’ हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. आपल्या कोकणच्या दमट हवेत कसर आणि वाळवी वेगळीच. पण जीर्ण झालेली वस्तू आधी कोरड्या कपाटात हलवतात, तिची प्रत काढतात, मग पुढचं ठरवतात. तिला गळक्या नळाशेजारी गोणीत कोंबत नाहीत. गेल्या वर्षी वाचनालयाला रंग दिला, सभागृहात नवे पंखे लावले. त्याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. पण एक लोखंडी कपाट त्याच खर्चात बसलं असतं.

‘कालबाह्य’ या शब्दावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तो लिहिताना कुणी एक खंड तरी उघडून पाहिला होता का, अशी मला शंका आहे.

रघुनाथराव १४ जानेवारी १८८२ रोजी मुरूडला जन्मले. ते आपल्या कोकणातले. मॅट्रिकला १८९९ साली पहिले आले, पुढे फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळी यापेक्षा सुरक्षित आयुष्य दुसरं नसेल. ते त्यांनी स्वतःहून धोक्यात घातलं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला संततिनियमनाचा दवाखाना उघडला तेही तेच वर्ष. १९२३ साली ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. मूल हवं की नको हे ठरवण्याचा हक्क बाईला आहे आणि शरीरसुखावरही तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असं ते उघड म्हणू लागले. कॉलेजच्या चालकांना ते सहन झालं नाही आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. गणित शिकवणारा माणूस कॉलेजच्या बाहेर काय विचार करतो, यावरून त्याची भाकरी काढून घेतली गेली. एकतीस वर्षं वर्गात उभी राहिलेल्या मला ही गोष्ट आजही टोचते.

ते तिथेच थांबले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू आला तोवर, म्हणजे सव्वीस वर्षं, चालवलं. पाठीशी संस्था नाही, गडगंज जाहिराती नाहीत. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही. जे लोकांना सांगायचे ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात केलं. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली हाती घेतला, आणि अशी अधिकृत योजना आखणारा आपला देश जगात पहिला म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी तीस वर्षं एक माणूस मुंबईत तेच काम एकट्याने करत होता आणि त्यापायी दंड भरत होता.

आणि हे प्रश्न संपले आहेत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९-२१चे आकडे पाहा. देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के जोडप्यांत नसबंदीची शस्त्रक्रिया बाईची झालेली आहे. पुरुषाची झाली अशी जोडपी ०.३ टक्के. हजारातली तीनशे ऐंशी कुठे आणि तीन कुठे, हे नववीच्या मुलालाही कळेल. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, कमी वेळाची असते, तरी टेबलावर बाईच जाते. निर्णय कुणाचा आणि शरीर कुणाचं, हा कर्व्यांचा प्रश्न जशाच्या तसा उभा आहे.

शाळेतलंही सांगते. किशोरवयीन मुलांना शरीर आणि लैंगिकता यांची माहिती देणारा शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा २००७ साली आपल्या महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो नको म्हणून थांबवला. त्याच सुमारास माझ्या तासाला नववीतली एक मुलगी बाकावरून उठेना. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी ती बसून. जवळ गेले तर थरथरत होती. तिला वाटत होतं आपल्याला कॅन्सर झाला आणि आपण आता मरणार. पाळी म्हणजे काय, हे तिला घरात, शाळेत, कुठेच कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला माझी शाल गुंडाळली, शिक्षकखोलीत नेलं आणि पुढचा अर्धा तास फळ्याशिवाय शिकवलं. त्या अर्ध्या तासाची हिंमत मला नकाशांच्या कपाटामागे मिळाली होती.

म्हणून यंदा १४ जानेवारीला, कर्व्यांच्या जन्मदिवशी, नववी-दहावीच्या मुलामुलींच्या पालकांसाठी एक व्याख्यान ठेवावं, असं मी सुचवलं. एक डॉक्टरबाई मानधन न घेता यायला तयार होत्या. तुम्ही होकार दिलात, पत्रिका छापल्या गेल्या. आदल्या दिवशी मला फोन आला की विषय कुटुंबासोबत बसून ऐकण्यासारखा नाही, कार्यक्रम रद्द. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या दिवशी मी गप्प बसले आणि वर्षाच्या आत गोण्या भरल्या गेल्या. या चुकीत माझाही वाटा आहे, असं मला वाटतं.

तिसरा शब्द ‘आक्षेपार्ह’.

हा शब्द कर्व्यांच्या बाबतीत वापरणारे तुम्ही पहिले नाही. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे करार होऊन दोन वर्षं झाली नव्हती, कोट्यवधी माणसांच्या हक्कांचा भार डोक्यावर होता, तरी एका लहानशा मासिकाच्या संपादकासाठी त्यांनी कोर्टात वेळ काढला. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातले गैरसमज ज्ञानानेच जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक बंद पडलं नाही.

रद्दीच्या ढिगात मला सापडलेला १९३३-३४चा खंड नेमका त्या दिवसांतला आहे. ज्या लढ्यात बाबासाहेबांनी वकिली केली त्याचा कागद आपल्या गावात इतकी वर्षं सांभाळला गेला आणि आपल्या हातून तो पंधरा रुपये किलोने गेला. सहा डिसेंबरला आपण सभागृहात त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्याच भिंतीवर महर्षी धोंडो केशव कर्व्यांचीही तसबीर आहे. विधवांसाठी आश्रम काढणारे, महिला विद्यापीठ उभारणारे, १९५८ साली भारतरत्न मिळालेले अण्णा. त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ जिन्याखाली गोणीत पडलेला आहे, हे त्या भिंतीकडे पाहताना मला सोसत नाही.

कुणाला कायद्याची भीती वाटत असेल तर तीही काढून टाका. अश्लील साहित्याबद्दलचं जुन्या दंड संहितेतलं कलम २९२ असो किंवा आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम २९४, विज्ञान, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हिताचं, लोकहिताचं प्रकाशन त्यातून वगळलेलं आहे. नव्वद वर्षांपूर्वीचं आरोग्यविषयक मासिक अभ्यासासाठी जपून ठेवलं म्हणून कुणी वाचनालयाच्या दारात पोलीस आणणार नाही.

कर्व्यांचं सगळंच मला पटतं असं मात्र समजू नका. त्यांनी नग्नतेचा पुरस्कार केला, तिथवर मी त्यांच्यासोबत जात नाही. पत्रं लिहिणारे बहुतेक पुरुष, शिकलेले, मध्यमवर्गातले. शेतात राबणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या बाईचा आवाज त्या पानांत जवळजवळ ऐकू येत नाही. हे मी खंड वाचूनच म्हणू शकते. कुणाला याहून कडक टीका करायची असेल त्यालाही आधी ते वाचायला मिळाले पाहिजेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निर्लेखनाचा ठराव ताबडतोब स्थगित करा आणि अकरा खंड या आठवड्यात जिन्याखालून काढून कोरड्या कपाटात ठेवा. कपाटासाठी पैसे नसतील तर वर्गणी मी गोळा करते.

या ठरावाखाली आजवर काय काय बाहेर गेलं त्याची दाखल क्रमांकांसह यादी सूचनाफलकावर लावा. मला दोन खंड दिसले ते योगायोगाने. बाकी कोणती मासिकं गेली हे मला माहीत नाही, आणि सभासदांना ते कळायला हवं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली आपल्याला सरकारी अनुदान मिळतं. लोकांच्या पैशावर सांभाळलेलं लोकांना न सांगता काढून टाकता येणार नाही. यापुढे पन्नास वर्षांहून जुनं काहीही काढायचं झालं तर ते आधी सर्वसाधारण सभेपुढे ठेवा.

खंडांचं स्कॅनिंग करून घ्या. यात हक्कांची अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे कर्व्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांसाठी खुलं आहे. निनावी पत्रांना प्रसिद्ध होऊन साठ वर्षं उलटली की तीही खुली. ज्यांच्या नावाने लेख आहेत अशा इतर लेखकांपुरतं तेवढं तपासून घ्यावं लागेल. एक विनंती : काम करणाऱ्याला सांगा की पान काचेवर उलटं दाबायचं नाही, वरून फोटो घ्यायचा. बांधणी घट्ट आहे, दाबलं की पान मधोमध तुटेल. पहिल्या खंडाचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन.

हे खंड वाचायला मागणाऱ्याला, विशेषतः मुलीला, चिठ्ठी किंवा परवानगी मागू नका. नानांनी मला मागितली नव्हती.

आणि सगळं ऐकूनही तुमच्या मनाला हे पटत नसेल, तर खंड मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, जुनी नियतकालिकं जपणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारून, लेखी पावती घेऊन द्या. मी स्वतः एसटीने पोचवून येईन. आपल्या गावातून ते गेले याचं दुःख होईल, पण ते कुठेतरी असतील.

व्याख्यानाचं मी पुन्हा विचारते. येत्या १४ जानेवारीला सभागृह मिळावं. डॉक्टरबाई अजूनही यायला तयार आहेत.

ते दोन खंड सध्या माझ्या घरी आहेत. जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले आहेत, कडेने कडुलिंबाचा सुकवलेला पाला घातला आहे. १९३८-३९च्या खंडात एका उत्तराशेजारी कुणीतरी पेन्सिलने उभी रेघ ओढून ठेवली आहे, अगदी हलक्या हाताने. मी १९७९ मध्ये बसले होते त्याआधी किंवा नंतर कुणीतरी त्या टेबलाशी बसलं होतं. ती रेघ खोडून टाकू नका, स्कॅनमध्येही येऊ द्या.

येत्या रविवारच्या वार्षिक सभेला मी दोन्ही खंड घेऊन येते. त्यांचे दाखल क्रमांक नोंदवहीत पुन्हा चढवून घ्यावेत. २४ रुपये मला परत नकोत.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद
(निवृत्त गणित शिक्षिका)